‘चालतंय ना, मग हात लावू नका’ : एका उपदेशाचं खंडन

सुटे भाग जोडून उभारलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणाऱ्यांच्या जगात, म्हणजे हॅकिंटॉश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जगात, एक मत मंत्रासारखं नव्या माणसाच्या कानात सांगितलं जातं. त्याचे तीन भाग आहेत. पहिला : ॲपलने ज्या यंत्राची जबाबदारी घेतलेली नाही, त्यावर अपडेट घेणं हा जुगार आहे, कुणाचं चालतं, कुणाचं बसतं. दुसरा : म्हणून एकदा सगळं सुरळीत झालं की अपडेट बंद करून टाका आणि पुन्हा हात लावू नका. तिसरा : एवढं करूनही वाय-फाय गेलंच, तर कार्ड बदला, ‘नेटिव्ह’ कार्ड घ्या, प्रश्न मिटेल. खरा मॅक न परवडणारा व्हिडिओ संकलक, घरच्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित करणारा, आयफोनसाठी ॲप लिहायला शिकणारा विद्यार्थी, असे सगळेच हा उपदेश निमूट पाळतात.

हे तिन्ही भाग चुकीचे आहेत, आणि तिन्हींच्या चुकीचं मूळ एकच आहे. ‘उत्पादकाने हमी दिलेली नाही’ या आधारावर ‘बिघाडाला नियम नाही’ असा निष्कर्ष इथे काढला जातो. हमी हा विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला व्यवहार आहे. कार्यकारण मात्र यंत्रात असतं, आणि बिलावर कुणाचं नाव आहे याची त्याला फिकीर नसते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. या मताच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा म्हणजे २६ सप्टेंबर २०२३ ला आलेलं सोनोमा, म्हणजे मॅकओएस १४. त्याआधी बरीच वर्षं ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३६० या चिपचं कार्ड डोळे झाकून घ्यावं असं होतं. ॲपल स्वतःच्या मॅकमध्ये तीच चिप घालत असे. त्यामुळे फेनवी टी-९१९सारखं कार्ड मदरबोर्डाच्या पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवलं की वरून कुठलाही ड्रायव्हर न घालता वाय-फाय, एअरड्रॉप, हँडऑफ सगळं चालायचं. सोनोमा घेतलं, यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि तेच कार्ड, तेच अँटेना, तोच राउटर असूनही वाय-फाय गायब. ‘नेटिव्ह’ म्हणून जास्त पैसे मोजलेल्या माणसालाच सगळ्यात मोठा फटका बसला. याला जुगार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, असा पूर्वपक्षाचा सवाल आहे, आणि तो वरवर तरी बिनतोड वाटतो.

पण जुगार कशाला म्हणतात? ज्याचा निकाल आधी सांगता येत नाही त्याला. सोनोमाचा निकाल आधी सांगता येत होता का, ते पाहू. ॲपलने सोनोमा पहिल्यांदा दाखवलं ते ५ जून २०२३ रोजी, आणि त्याच वेळी ते कोणत्या मॅकवर चालेल याची यादीही दिली. त्या यादीतून २०१७चे साधे आयमॅक आणि मॅकबुक गेले होते. त्या वर्षातलं एकटं आयमॅक प्रो टिकलं. आता या यादीशेजारी त्या यंत्रांतल्या वाय-फाय चिपची यादी ठेवा. बीसीएम४३६०, ४३६०२ आणि ४३५० हे जुनं कूळ २०१७च्या त्या यंत्रांपाशी संपतं. आयमॅक प्रो आणि २०१८ नंतरच्या यंत्रांत बीसीएम४३६४, ४३५५, ४३७७ अशा वेगळ्या कुळातल्या चिप येतात. म्हणजे ती यादी जाहीर झाली त्या दिवशी जुन्या चिपचा एकही मॅक ॲपलच्या जबाबदारीत उरला नव्हता. ज्या ड्रायव्हरला गिऱ्हाईक नाही तो कंपनी कशाला सांभाळेल? तो काढला गेला. जूनमध्ये दोन याद्या शेजारी ठेवणाऱ्याला सप्टेंबरमध्ये धक्का बसायचं कारण नव्हतं.

एका उदाहरणावरून व्याप्ती सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून आणखी दोन पाहू. २०१८मध्ये मोहावी आलं तेव्हा ॲथेरॉसच्या जुन्या कार्डांचा ड्रायव्हर गेला. त्या चिप वापरणारे २०११पर्यंतचे आयमॅक मोहावीच्या यादीत नव्हते. दुसरं उदाहरण वाय-फायचं नाही, म्हणूनच जास्त बोलकं आहे. २०२५च्या टाहो आवृत्तीत आवाजाचा जुना एचडीए ड्रायव्हरच काढून टाकला गेला आणि असंख्य हॅकिंटॉश मुके झाले. टाहोच्या यादीत इंटेल प्रोसेसरचे जे मोजके मॅक राहिले, त्या सगळ्यांत टी-२ ही सुरक्षा चिप आहे आणि त्यांचा आवाज तिच्यामार्फत जातो. जुन्या पद्धतीने आवाज काढणारं शेवटचं यंत्र, २०१९चं आयमॅक, यादीतून गेलं आणि त्याच वर्षी ड्रायव्हरही गेला. नियम असा दिसतो : एखाद्या चिपचं शेवटचं अधिकृत यंत्र यादीत असेपर्यंत तिचा ड्रायव्हर सुरक्षित असतो, ते यंत्र गेलं की त्याचे दिवस भरले. कधी थोडी सवलत मिळते. बीसीएम४३६० असलेले २०१३चं मॅक प्रो आणि २०१७चं मॅकबुक एअर सोनोमाच्या आधीच्या व्हेंचुरा आवृत्तीपाशीच गळाले होते. पण ४३६०२ला तोच ड्रायव्हर लागत होता, म्हणून ४३६०लाही एक वर्ष जास्त मिळालं. अपवाद वाटणारी ही गोष्टही नियमानेच उलगडते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, मोठ्या आवृत्त्यांचं हे ठीक आहे. पण टिंबानंतरचा आकडा बदलणाऱ्या बारीक अपडेटनेही वाय-फाय जातं, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. ॲपलने कधीच न वापरलेली इंटेलची वाय-फाय कार्डं मॅकओएसवर चालवण्यासाठी ओपनबीएसडीच्या ड्रायव्हरवर आधारलेला एक मुक्त प्रकल्प आहे. त्याचे दोन प्रकार मिळतात. एअरपोर्ट-आयटीएलडब्ल्यूएम हा प्रकार ॲपलच्या वाय-फाय चौकटीत आत शिरून बसतो, म्हणून मेनूबारमधलं नेहमीचं चिन्ह चालतं. साधा आयटीएलडब्ल्यूएम त्या चौकटीबाहेर राहतो, स्वतःला इथरनेट म्हणवतो आणि नेटवर्क निवडायला हेलीपोर्ट नावाचं वेगळं ॲप वापरतो. पहिल्या प्रकाराला प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी प्रत लागते, सोनोमाच्या १४.० आणि १४.४ साठीसुद्धा दोन वेगळ्या प्रती आहेत, कारण मधल्या काळात आतली चौकट बदलली. दुसऱ्याला अशा बदलाची झळ फारशी लागत नाही. म्हणजे बारीक अपडेटचा धोका कार्डावर कमी आणि ड्रायव्हर ॲपलच्या आतल्या रचनेला किती चिकटून आहे यावर जास्त ठरतो. जो जितका आत शिरतो तितकी सोय अधिक आणि आयुष्य कमी. ही देवघेव आधी माहीत असते. तिला नशीब म्हणता येत नाही.

आता ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीकडे वळू. जुगाराच्या सिद्धांताला सर्वांत जास्त बळ तिनेच दिलं आहे. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांवर ब्लूटूथ एका दिवशी चालतं, दुसऱ्या दिवशी नाही. अपडेट मध्येच कधीतरी झालेलं असतं आणि दोष त्याच्या माथी बसतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसं हे आहे. खरं कारण असं की या कार्डांमधलं ब्लूटूथचं फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. दर वेळी वीज आली की ऑपरेटिंग सिस्टीमने ते चिपच्या तात्पुरत्या स्मृतीत भरावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर ते भरतो. मग विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून मॅकओएसमध्ये आलं तर वीज तुटलेली नसते, भरलेलं फर्मवेअर तसंच राहतं आणि ब्लूटूथ चालतं. यंत्र पूर्ण बंद करून दुसऱ्या दिवशी थेट मॅकओएस सुरू केलं तर स्मृती रिकामी असते आणि ब्लूटूथ नाही. मॅकओएसमध्ये हे फर्मवेअर भरण्यासाठीच ब्रॉडकॉम-पॅचरॅम हा जोडड्रायव्हर लिहिला गेला. लहरी वाटणारं हे वागणं आदल्या वेळी यंत्र कसं बंद केलं एवढ्या एका गोष्टीवर ठरतं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लावले, म्हणजे एकदा रीस्टार्ट करून आणि एकदा भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं, तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

तिसरा भाग ‘कार्ड बदला’ हा. दुकानदाराच्या दृष्टीने तो उत्तम सल्ला आहे. निदान म्हणून मात्र तो फारच घाईचा आहे. वाय-फाय ‘चालत नाही’ या एका वाक्यामागे किमान चार-पाच वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि त्यांची उत्तरं क्रमाने शोधावी लागतात. पहिला प्रश्न : मदरबोर्डाला कार्ड दिसतं का? सिस्टीम रिपोर्टमध्ये किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर पीसीआय उपकरणांची यादी पाहावी. ब्रॉडकॉमचा उत्पादक क्रमांक १४ई४, इंटेलचा ८०८६, रियलटेकचा १०ईसी. बीसीएम४३६० असेल तर १४ई४:४३ए० ही जोडी दिसते. ती जोडीच दिसत नसेल तर मॅकओएस, अपडेट, पॅच यांचा काहीही संबंध नाही. प्रश्न स्लॉटचा, बायोसचा किंवा कार्डाच्या जातीचा आहे.

ही जात फसवी असते. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात, खाचही एकच लागते. पण एएक्स२०० हे पूर्ण कार्ड आहे, तर एएक्स२०१मध्ये फक्त रेडिओचा भाग असतो. उरलेलं काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्येच होतं. एएमडीच्या बोर्डावर ते बसेल, पण कधीच जागं होणार नाही. असं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून लावायचं, त्याच सुमारास अपडेट घ्यायचं आणि अपडेटला दोष द्यायचा, हा क्रम फार ओळखीचा आहे.

दुसरा प्रश्न : कार्ड दिसतं, पण त्याला ड्रायव्हर चिकटला का? सोनोमावर बीसीएम४३६०चं दुखणं नेमकं इथे आहे. जोडी दिसते, तिच्यावर दावा सांगणारा ड्रायव्हर नाही. तिसरा प्रश्न : वाय-फाय चालतं आणि फक्त ब्लूटूथ जातं का? मग लक्षात घ्यावं की एकाच कार्डावरची ही दोन उपकरणं वेगळ्या वाटांनी जोडलेली असतात. वाय-फाय पीसीआय-एक्सप्रेसवरून जातं, ब्लूटूथ यूएसबीवरून. फेनवीसारख्या कार्डातून निघणारी बारीक वायर मदरबोर्डावरच्या यूएसबी पिनांवर लावलीच नसेल तर ब्लूटूथ येणार नाही. लावली असेल, तरी मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकावर १५च पोर्ट मोजतं. आजच्या बोर्डांवर पोर्ट त्याहून जास्त असतात, आणि ही मर्यादा उठवणारी युक्ती बिग सरच्या ११.३ आवृत्तीपासून चालेनाशी झाली. त्यामुळे ज्याने पोर्टांचा नकाशा कधी केलाच नव्हता त्याचं ब्लूटूथ त्या अपडेटनंतर मोजणीबाहेर पडू शकलं. इथे अपडेट निमित्त झालं हे खरं, पण कार्ड बदलून काय मिळणार? नवं कार्डही त्याच सोळाव्या पोर्टावर जाऊन बसणार.

चौथा प्रश्न : सगळं आहे, पण फक्त २.४ गिगाहर्ट्‌झची नेटवर्कं दिसतात का? मग देश-कोड पाहावा. वाय-फाय कार्ड कोणत्या देशाच्या नियमाने वागतं यावर ५ गिगाहर्ट्‌झमधली कोणती चॅनेलं ऐकायची ते ठरतं. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग २०१८च्या ऑक्टोबरमध्ये परवानामुक्त झाला. दुसऱ्याच देशाचा कोड धरून बसलेल्या कार्डाला इथल्या राउटरचं १४९ किंवा १५३ नंबरचं चॅनेल दिसलं नाही, तर त्यात कार्डाचा किंवा आवृत्तीचा दोष नाही. त्यासाठी बूटच्या वेळी द्यायची एक सूचना पुरते.

एक आडवळणाचा प्रश्न राहतो : अपडेट दिसतच नाही, त्याचं काय? ‘ॲपलने आपल्याला ओळखलं आणि वाट अडवली’ असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. वस्तुस्थिती साधी आहे. हॅकिंटॉश स्वतःला कुठलं तरी खरं मॉडेल म्हणवतं. ज्या मॉडेलमध्ये टी-२ चिप असते त्याचं सोंग घेतलं, तर अपडेटची यंत्रणा त्या चिपशी जुळणारी सुरक्षित-बूट ओळख मागते, आणि ती मिळाली नाही तर अपडेट पुढे करत नाही. म्हणूनच रिस्ट्रिक्ट-इव्हेंट्स नावाच्या जोडड्रायव्हरमध्ये यंत्राला आभासी संगणक म्हणून सादर करण्याची सोय आहे. तशी ओळख दिली की अपडेट हजर. वाट कुणी अडवलेली नसते. आपण सांगितलेल्या नावाप्रमाणे कागद मागितले जातात.

आता ‘हात लावू नका’ या उपदेशाचा समाचार. या सल्ल्यातला विनोद असा की न बदललेलं यंत्र सर्वांत जास्त उघडं पडतं ते वाय-फायच्याच बाजूने. २०१७मध्ये ब्रॉडपॉन नावाची त्रुटी उघड झाली. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपमधल्या फर्मवेअरलाच दुरून ताब्यात घेता येईल अशी ती होती, आणि ॲपलने ती मॅकओएस १०.१२.६ मध्ये बुजवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रॅक या नावाने डब्ल्यूपीए२च्या हातमिळवणीतला दोष पुढे आला. २०२१मध्ये फ्रॅग-अटॅक्स आले. या दुरुस्त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटमधूनच पोचतात, आणि ॲपल साधारणपणे ताजी आवृत्ती व तिच्या आधीच्या दोन एवढ्यांनाच त्या पुरवतं. कार्ड टिकावं म्हणून अपडेट बंद करणारा माणूस त्याच कार्डाच्या दुरुस्त्या बंद करतो.

मग ‘सतत अपडेट घ्या’ हा माझा सिद्धांत आहे का? नाही. इथे प्रतिपक्षाचं एक म्हणणं मला मान्य करावंच लागतं : दुरुस्तीलाही किंमत असते. सोनोमावर जुनं ब्रॉडकॉम कार्ड चालवायचं तर ओपनकोअर लेगसी पॅचरने सिस्टीममध्ये जुन्या वाय-फायचे भाग परत घालावे लागतात. त्यासाठी सिस्टीमची संरक्षक बंधनं अंशतः सैल करावी लागतात, सुरक्षित बूट बंद ठेवावं लागतं, आणि बिग सरपासून सिस्टीमच्या खंडावर असलेलं गुप्तलेखी सील मोडतं. सील मोडलं की छोटं अपडेट लागू होत नाही. दर वेळी कित्येक गिगाबाइटचा पूर्ण संच उतरवावा लागतो आणि अपडेटनंतर पॅच पुन्हा चढवावा लागतो. शिवाय परवान्याचा प्रश्न आहेच. मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर बसवावं ही अट त्यात आहे. असे संगणक विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकी कंपनीवर ॲपलने २००८मध्ये दावा लावला आणि २००९मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. ही किंमत लपवून ‘सगळं ठीक होतं’ असं सांगणारा उत्साही माणूस ‘सगळं नशीब आहे’ म्हणणाऱ्याइतकाच दिशाभूल करतो.

म्हणून सिद्धांत असा. सुरक्षेची बारीक अपडेटं घ्यावीत, पण आधी वेगळ्या डिस्कवर पूर्ण प्रत घेऊन आणि आपल्या बूटलोडरची चालू अवस्था पेनड्राइव्हवर ठेवून. मोठी आवृत्ती घेण्याआधी जूनमधली यादी वाचावी आणि आपल्या प्रत्येक भागाचं शेवटचं अधिकृत यंत्र त्यात उरलं आहे का ते पाहावं. उरलं नसेल, तर पर्याय आधीच निवडावा : पॅचची किंमत मोजायची, इंटेल कार्डावर जाऊन एअरड्रॉप सोडायचं, की सरळ इथरनेटची केबल ओढायची. घरच्या स्टुडिओत बसलेल्या, जागचं न हलणाऱ्या संगणकाला हा शेवटचा पर्याय सर्वांत शहाणा आहे, आणि कुणालाच तो सुचत नाही. बिघाड झालाच, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कार्ड, ड्रायव्हर, आवृत्ती आणि बायोस एकाच संध्याकाळी बदलणाऱ्याचं यंत्र सुरू झालं तरी त्याला काही कळलेलं नसतं, आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा नशिबालाच हाक मारतो.

हॅकिंटॉशचे दिवस आता मोजके आहेत. टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५मध्ये जाहीर केलं. वरचा नियम लावला तर पुढचं भविष्य सांगायला ज्योतिषी नको. मग हा खटाटोप कशाला, असा शेवटचा आक्षेप येईल. त्याचं उत्तर असं की अधिकृत यादीबाहेर पडण्याची पाळी आता मॅकवाल्यांपुरती राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि टीपीएम २.० नसलेले, एरवी धडधाकट असे संगणक विंडोज ११च्या दाराबाहेर राहिले. त्यांच्याबद्दलही ‘आडमार्गाने टाकून पाहा, चाललं तर चाललं’ हेच बोललं जातं. तिथेही नियम आहेत : विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचना लागते, ती नसेल तर यंत्र सुरूच होत नाही. तो संगणक लिनक्सवर नेला आणि वाय-फाय दिसलं नाही, तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपने कार्ड अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडलं आहे का, हे आधी पाहावं लागतं. कंपनीने यादीतून नाव काढलं की मदतीचा फोन बंद होतो. कारण शोधण्याचं काम तेव्हाच वापरणाऱ्याकडे येतं, आणि ते शिकून घेण्यासारखं आहे.